सेकंड डिग्री टेअर: एकाच धाग्याने धावदोरा की सुटे टाके?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळंतपणात योनी आणि पेरिनियम (योनी व गुदद्वार यांच्यामधला भाग) इथले स्नायू फाटतात, पण गुदद्वार आवळणारा स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, शाबूत राहतो, ती सेकंड डिग्री टेअर. कॉलेजात योनीमार्गाला लॉकिंगचा सलग टाका, स्नायूंना सुटे टाके आणि कातडीला मॅट्रेस, सगळे क्रोमिक कॅटगटने, असे शिकवले होते. आता ग्रामीण रुग्णालयात वरिष्ठ मॅडम एकाच रॅपिड व्हिक्रिलने (लवकर विरघळणारा पॉलिग्लॅक्टिनचा धागा), कुठेही लॉक न करता, आतून बाहेरपर्यंत अख्खी जखम शिवायला सांगतात. त्याने खरंच दुखणे कमी होते का, आणि मध्येच धागा तुटला तर सगळेच उसवणार नाही का?

सेकंड डिग्री टेअर आणि साधी एपिसिओटॉमी (बाळ बाहेर येताना मुद्दाम दिलेला छेद) यांच्यासाठी मॅडमचे बरोबर आहे. पण कोणता टाका घ्यायचा हे ठरवण्याआधी एक काम असते. फाट सेकंड डिग्रीचीच आहे याची खात्री करायची. ती चुकली तर पुढचा टाका कितीही सुबक असला तरी फुकट.

ती खात्री बोटाने होते, डोळ्याने नाही. चांगला फोकस लाइट, लायथॉटॉमी (उताणे झोपवून पाय वर, फाकवून ठेवणे), आणि टाके घेण्याआधी पीआर, म्हणजे गुदद्वारात बोट घालून तपासणी. तर्जनी गुदद्वारात, अंगठा पेरिनियमवर, आणि दोन्हींच्या मध्ये स्फिंक्टर चिमटीत धरून बिडी वळल्यासारखा चाचपायचा. जाडसर वळी सलग लागली तर ठीक. समोरच्या बाजूला ती एकदम पातळ झाली, किंवा दोन्ही बाजूंना खळगा लागला, तर तुटलेली टोके आत ओढली गेली आहेत असे समजा. गुदद्वाराच्या कातडीच्या चुण्या पुढच्या बाजूने नाहीशा झाल्या असतील तर तीही खूणच. बाहेरचा स्फिंक्टर निम्म्याहून कमी तुटला तर थ्री-ए, निम्म्याहून जास्त तर थ्री-बी, आतलाही गेला तर थ्री-सी, आणि गुदाचे अस्तर उघडे पडले तर फोर्थ डिग्री. शंका असेल तर वरची पायरी धरा. आणखी एक फसवी जखम असते: स्फिंक्टर शाबूत, पण वर योनी आणि गुद यांच्या मध्ये काजाएवढे भोक. वरून योनी शिवून टाकली तर ते झाकले जाते आणि काही दिवसांनी बाई योनीतून वारा किंवा शौच येते म्हणून परत येते. बोट आत घालून योनीच्या बाजूने बघितले तरच ते सापडते.

आता भूल. आपल्याकडे लिग्नोकेनची कुपी बहुतेक २ टक्क्यांची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. ती तितक्याच सलाइनमध्ये मिसळून १ टक्का करा. त्याने औषध वाढत नाही, पसरते जास्त. मर्यादा प्रति किलो ३ मिलिग्रॅम धरली तर ५० किलोच्या बाईला १५० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचे १५ मिलिलिटर. एपिसिओटॉमी देताना आधी १० मिलिलिटर गेले असतील तर ते याच हिशेबात धरायचे. हे हमखास विसरले जाते. योनीच्या कडेखाली, स्नायूंत आणि कातडीखाली, प्रत्येक वेळी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही हे बघून द्या, मग पूर्ण २-३ मिनिटे थांबा. टूथ फोर्सेप्सने चिमटा काढून बघा. ती दचकली तर अजून थांबा किंवा उरलेल्या मात्रेतले थोडे द्या. भूल लागली नसताना ‘दोनच टाके आहेत, सहन कर’ म्हणत शिवले की बाई अंग आखडते, जखम वर ओढली जाते, आणि अॅपेक्स (फाटीचे वरचे टोक) सुटण्याची पहिली तयारी तिथेच होते.

सलग पद्धत क्रमाने अशी. टू-झिरो रॅपिड पॉलिग्लॅक्टिन, साधारण ९० सेंटिमीटरचा धागा, ३५-३६ मिलिमीटरची अर्धगोल सुई. वर शेपटी असलेला टॅम्पॉन घालून रक्त अडवा आणि शेपटीला आर्टरी फोर्सेप्स लावा. पहिला टाका योनीतल्या फाटीच्या वरच्या टोकाच्याही साधारण १ सेंटिमीटर वर. कारण तिथली रक्तवाहिनी आत ओढली गेलेली असते. दिसते त्या टोकाला टाका घेतला तर ती मोकळी राहते आणि चार तासांनी हिमॅटोमा (आत साचलेल्या रक्ताची गाठ) होतो. गाठ चौकोनी, तीन फेऱ्यांची. मग खाली येत धावदोरा: कडेपासून अर्धा ते एक सेंटिमीटर आत, दोन टाक्यांत साधारण एक सेंटिमीटर अंतर, आणि प्रत्येक टाका फाटीच्या तळाला स्पर्श करून. तळ सोडला तर पोकळी राहते, पोकळीत रक्त साचते. खूप खोल गेलात तर सुई गुदाच्या अस्तरातून जाते. डाव्या हाताचे बोट योनीत तळाशी ठेवून सुईचे टोक कुठे आहे हे जाणवत ठेवा.

हायमेनल रिंगपाशी (योनीच्या तोंडाशी उरलेली योनिपटलाची कडा) थांबून दोन्ही बाजूंचे अवशेष समोरासमोर आणा. सगळ्या जखमेत ही एकच पक्की खूण आहे. इथे दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली की खाली फोरशेटवर (योनीच्या तोंडाची मागची कडा) पायरी तयार होते, आणि तीच पुढे संबंधाच्या वेळी दुखते. रिंग जुळली की सुई रिंगच्या मागून योनीच्या अस्तराखालून स्नायूंच्या थरात आणा. धागा कापायचा नाही, गाठही नाही.

स्नायूंमध्ये घाई करू नका. बल्बोस्पाँजिओसस या योनीच्या तोंडाभोवतीच्या स्नायूची टोके वर आणि बाजूला सरकलेली असतात, समोर दिसतात ती बहुतेक चरबी आणि फॅशिया. टूथ फोर्सेप्सने हलकेच ओढून बघा: स्नायू धरला असेल तर वरचा लेबिया थोडा खाली येतो. ती टोके न धरता नुसती चरबी जवळ आणली तर वरून जखम छान दिसते, पण पेरिनियल बॉडी (योनी आणि गुद यांच्यामधला स्नायूंचा गाभा) बुटकी राहते आणि सहा आठवड्यांनी ‘खालून मोकळं मोकळं वाटतं’ ही तक्रार येते. जखम खोल असेल तर स्नायूंचे दोन थर घ्या, एक खाली जाताना, एक वर येताना, धागा तोच. स्नायू नीट जुळले की कातडीच्या कडा आपोआप जवळ येतात. येत नसतील तर कातडीचा टाका आवळून त्या आणायच्या नाहीत, स्नायूंचा थर पुन्हा बघायचा.

खालच्या टोकाला पोहोचलात की सुई उलटी फिरवा आणि कातडीखालून वर या. इथे बहुतेकजण फार वर, अगदी बाह्यत्वचेच्या लगत टाके घेतात, कारण सिझेरियनच्या सबक्युटिक्युलरची सवय असते. पेरिनियममध्ये टाका थोडा खोल, कातडीखालच्या ऊतीत हवा. मज्जातंतूंची टोके कातडीत दाट असतात. त्यांना टोचायचे नाही एवढाच मुद्दा आहे. कडांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट दिसली तर दिसू द्या. बाईला उभे केले, मांड्या जवळ आल्या की ती मिटते. फोरशेटपर्यंत वर आलात की सुई पुन्हा योनीत, रिंगच्या मागे न्या. शेवटचा फेरा पूर्ण न ओढता मोकळा ठेवून त्या फासाशीच गाठ बांधा किंवा अॅबरडीन नॉट (फासातून फास ओढून बांधलेली गाठ) घ्या. गाठ आत राहते, बसताना टोचत नाही.

आता ताण. सलग टाक्याचा सगळा फायदा यावर टिकतो आणि तो बिघडतो तोही इथेच. पहिल्या २४ ते ४८ तासांत जखम सुजणार हे धरून चालायचे. आज नुसता टेकलेला धागा उद्या घट्ट होतो. आज घट्ट ओढलेला उद्या रुततो. धागा कडांना टेकवतो, आवळत नाही, इतपतच ओढ. आजीने गोधडीला घातलेला धावदोरा आठवा: कापड सपाट राहते, चुण्या पडत नाहीत. जखमेच्या कडेला चुणी दिसली किंवा कड पांढुरकी पडली की त्या क्षणी दोन टाके मागे जाऊन धागा सैल करा. लॉकिंगचा टाका म्हणजे काजाचा टाका. प्रत्येक फेऱ्यात धागा अडकतो, त्यामुळे एका जागचा ताण पुढे सरकू शकत नाही, आणि सूज आली की अडकलेली प्रत्येक कडी आपापल्या तुकड्याचे रक्त तोडते. योनी आखूड होऊ नये म्हणून लॉक करा, असे शिकवले जाई. आखूड होते ती लॉक न केल्याने नाही, धागा खेचल्याने.

सुट्या टाक्यांचे दुखणेही याच कारणाने. कातडीतून आरपार गेलेला प्रत्येक टाका हा एक बंद फास. सूज कुठे जास्त, कुठे कमी, पण फास आपली जागा सोडत नाही. धावदोऱ्यात तो ताण लांबीभर वाटला जातो.

हे आकड्यांतही दिसले. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये क्रिस्टीन केटल आणि सहकाऱ्यांनी १५४२ बायकांवर चाचणी केली. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. दहाव्या दिवशी दुखते असे सांगणाऱ्या सुट्या टाक्यांच्या गटात ४४ टक्के, सलग टाक्यांच्या गटात २६.५ टक्के. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एकीचे दुखणे फक्त पद्धत बदलल्याने टळले. त्याच चाचणीत रॅपिड आणि साधा पॉलिग्लॅक्टिन यांचीही तुलना होती: तीन महिन्यांत टाके काढावे लागले ते साध्या धाग्याच्या गटात सुमारे १३ टक्क्यांना, रॅपिडच्या गटात ३ टक्क्यांना. तीन महिन्यांनी संबंधाच्या वेळी होणाऱ्या दुखण्यात मात्र सलग आणि सुटे यांत फरक नव्हता. तेव्हा सलग टाका जादू करतो असे समजू नका. पहिले दहा दिवस, म्हणजे बाळाला अंगावर पाजायला मांडी घालून बसायचे दिवस, तो सुसह्य करतो.

धागा तुटण्याची भीती कळते, पण बघा: धागा स्वतःहून तुटत नाही. तो तुटतो नीडल होल्डरच्या जबड्यात धरल्यामुळे. सुई धरा, धागा बोटांनी ओढा. आणि रॅपिड पॉलिग्लॅक्टिनची निम्मी ताकद पाचव्या दिवसापर्यंत जाते, १०-१४ दिवसांत ती जवळपास संपते, सहा आठवड्यांत धागा विरघळतो. तोवर पेरिनियमसारख्या रक्ताळ जागेतली जखम स्वतःच धरू लागलेली असते. टाके घेतानाच तुटला तर दोन टाके मागून नवा धागा चालू करा, उरलेले टोक आत गाठीने बांधा, इतकेच. जखम उसवते तेव्हा कारण बहुधा जंतुसंसर्ग, हिमॅटोमा किंवा रक्त तोडणारा घट्ट टाका यांपैकी असते.

क्रोमिक कॅटगट अजून कपाटात आहे म्हणून वापरले जाते. ते गुराढोरांच्या आतड्यापासून बनते, शरीर ते पचवते, आणि पचवताना जखमेत दाह करते. कोणाच्या अंगात आठवड्यात विरघळेल, कोणाच्या तीन आठवडे कडक तारेसारखे टोचेल, सांगता येत नाही. युरोपात बीएसई या गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या काळजीने २००१ च्या सुमारास ते वापरातून गेले. रॅपिड उपलब्ध नसेल तर टू-झिरो साधा पॉलिग्लॅक्टिन घ्या. फक्त बाईला सांगा की धाग्याची टोके बरेच दिवस जाणवतील. पाकिटामागे रॅपिड महाग, पण सलग पद्धतीत बहुतेक वेळा एकच पाकीट पुरते. तीन थरांच्या सुट्या टाक्यांना दुसरे उघडावे लागते. कातडीला सिल्क किंवा नायलॉन कृपया नको. पाचव्या दिवशी टाके काढताना बाईच्या डोळ्यांत आलेले पाणी हे त्याचे पुरेसे उत्तर आहे.

कातडी मुळात शिवायचीच का, हाही प्रश्न रास्त आहे. स्नायू शिवल्यावर कडा एकमेकींना टेकत असतील तर कातडी तशीच सोडली तरी चालते. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या १९९८ च्या चाचणीत असे सोडलेल्या बायकांत तीन महिन्यांनी संबंधाच्या वेळचे दुखणे कमी होते, दहाव्या दिवशी जखम थोडी उघडी दिसण्याचे प्रमाण मात्र जास्त. घरी सासू किंवा आई जखम बघते आणि ‘टाका सुटला’ म्हणून घाबरून घेऊन येते, म्हणून कातडी सोडणार असाल तर आधीच समजावून सांगा. फर्स्ट डिग्रीला (फक्त कातडी किंवा योनीचे अस्तर फाटलेले) रक्तस्राव नसेल आणि कडा जवळ असतील तर काहीच शिवू नका.

सुटे टाके बाद झालेले नाहीत. चिंध्या झालेली, कुठून कुठे जाते ते कळत नसलेली फाट. खोलवर एकच उडणारी धमनी. मूत्रमार्गाजवळची बारीक जखम, जिथे आधी कॅथेटर घालून थ्री-झिरोचे दोन-तीन नाजूक टाके घ्यायचे. उसवून पुन्हा शिवायची जखम. इथे सुटेच घ्या. आणि ज्याला सलग पद्धत अजून हातात बसलेली नाही, मध्यरात्री दिवा मंद आहे, मदतीला कोणी नाही, त्याने आपल्याला येते तीच पद्धत सैल हाताने करावी. घट्ट धावदोऱ्यापेक्षा सैल सुटा टाका कधीही बरा. पद्धत शिकायची तर आधी स्पंजच्या तुकड्यावर किंवा खाटकाकडून आणलेल्या जिभेवर.

थर्ड आणि फोर्थ डिग्रीबद्दल इथे मोजकेच, कारण ते काम लेबर टेबलावर, लोकल भुलीत, एकट्याने करायचे नाही. स्पायनल किंवा जनरल भूल हवी, कारण स्नायू सैल झाल्याशिवाय आत गेलेली टोके वर येत नाहीत. ऑपरेशन थिएटर हवे, अनुभवी हात हवा. आतला स्फिंक्टर फिका, कच्च्या माशाच्या मांसासारखा, बाहेरचा लालभडक. आतल्यासाठी थ्री-झिरो पीडीएस (सावकाश विरघळणारा धागा), सुटे किंवा मॅट्रेस, कडेला कड. तो ओव्हरलॅप करायचा, म्हणजे एक टोक दुसऱ्यावर चढवायचा नसतो. बाहेरचा पूर्ण तुटला असेल तर अॅलिस फोर्सेप्सने टोके धरून कडेला कड किंवा ओव्हरलॅप, दोन्ही चालतात; अर्धवट तुटलेल्याला ओव्हरलॅप करू नका, कारण त्यासाठी शाबूत तंतू कापावे लागतात. गुदाच्या अस्तराला थ्री-झिरो पॉलिग्लॅक्टिन, तिथे पीडीएस नको. आठच्या आकड्याचे टाके कुठेच नकोत, ते रक्त तोडतात. गाठी स्नायूंखाली गाडा, नाहीतर महिन्याभराने कातडीतून टोचत वर येतात. हे जमणार नसेल तर रक्तस्राव थांबवा, पॅक भरा, किती पॅक भरले ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि १०८ ला फोन करा. चार तास उशिरा झालेली चांगली शिवण, घाईत झालेल्या वाईट शिवणीपेक्षा केव्हाही हवी.

टाके संपले की पुन्हा पीआर. बोटाला धागा लागला तर तो गुदात गेला आहे. सगळे उसवून पुन्हा शिवा, फिस्टुला (गुद आणि योनी यांच्यात राहून जाणारी वाट) टाळण्याचा दुसरा रस्ता नाही. योनीत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. ‘एक जास्तीचा टाका घाला’ असे बाहेरून कोणी सुचवले तर तो घालायचा नाही. त्याचे दुखणे बाईला वर्षानुवर्षे भोगावे लागते. टॅम्पॉन काढा, गॉज, सुया मोजा, नर्सला मोठ्याने मोजायला लावा. विसरलेला गॉज दहा दिवसांनी दुर्गंधीने सापडतो आणि त्याला कोणतीही सबब चालत नाही. डायक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी तिला विचारून ठेवा. दमा, किडनीचा त्रास किंवा चालू रक्तस्राव असेल तर नको, पॅरासिटामॉल द्या.

घरी पाठवताना आपल्याकडे दोन गोष्टी मुद्दाम बोलाव्या लागतात. एक म्हणजे धुरी. शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून त्यावर बाळंतिणीला बसवतात. बधिर, सुजलेल्या कातडीला किती गरम लागते ते कळत नाही आणि टाक्यांवर भाजते. खोलीत लांब ठेवून शेक घ्या म्हणा, टाक्यांवर थेट नको. पहिल्या दोन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे, त्याने सूज उतरते. दुसरी गोष्ट पाणी. ‘बाळंतिणीला पाणी कमी’ हा जुना नेम, त्यात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, त्यात टाके दुखतील म्हणून शौचाला न जाणे. तीन दिवसांनी होणारे कडक शौच टाक्यांना सगळ्यात मोठा धक्का देते. भरपूर पाणी, पालेभाजी, गरज पडल्यास शौच मऊ करणारे लॅक्टुलोज. धुताना पुढून मागे, नंतर टिपून कोरडे.

दहाव्या दिवसाच्या आसपास धाग्याचे तुकडे पॅडवर दिसतात. हे आधी सांगितले नसेल तर फोन येणारच. तक्रार आली त्याच दिवशी बोलवायचे ते दुखणे वाढत गेले, ताप, घाण वासाचा स्राव, एकाच बाजूला टणक सूज, किंवा वारा-शौच धरता येत नसेल तर. पहिल्याच काही तासांत गुदाकडे दाब येतो, असह्य ठणका लागतो आणि नाडी वाढते असे असेल तर गोळी देऊन झोपवू नका, हिमॅटोमा शोधा. जखम वरवर उसवली असेल तर पुन्हा शिवायची गरज नसते, स्वच्छ ठेवली की आतून भरत येते. पूर्ण खोलीने उघडली असेल तर आधी संसर्ग आणि मेलेली ऊती काढा, तळ लाल, स्वच्छ झाला की मग सुटे टाके, आणि तेही सैल.